घडीच्या ड्रोनची पाती कशी जपावीत: गोव्यातील नवशिक्यांसाठी

घडी घालून खांद्यावरच्या पिशवीत मावणारा छोटा ड्रोन आता गोव्यातील बऱ्याच घरांत पोहोचला आहे. कुणाला आपले कुळागर वरून पाहायचे असते, कुणाला पावसाळ्यानंतरच्या खाजन शेतांचे चित्रण हवे असते, तर कुणाला केवळ संध्याकाळचा विरंगुळा हवा असतो. नवा मालक बॅटरीची काळजी घेतो, कॅमेऱ्याच्या काचेला बोट लागू देत नाही, आणि पाती मात्र जशी मिटतील तशी मिटून पिशवी बंद करतो. पाते हा ड्रोनचा सर्वांत स्वस्त भाग असल्यामुळे असे होत असावे. परंतु हवेत ड्रोनचे सगळे वजन याच पात्यांवर तोललेले असते, आणि माझ्या अनुभवात ही पाती उडताना जितकी बिघडतात त्याहून अधिक दोन उड्डाणांच्या मधल्या काळात, म्हणजे पिशवीत, गाडीत आणि कपाटात बिघडतात.

मी स्वतः हे शिकलो ते पेडण्यातील केरीच्या किनाऱ्यावरून परतताना. मे महिना होता. ड्रोन मी अर्धवट बंद केलेल्या पिशवीत, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला, आणि एका पात्याचे टोक चार्जरखाली दबले आहे हे मला दिसले नाही. गाडी दुपारभर उन्हात होती. पुढच्या आठवड्यात चित्रीकरणात माडांच्या झावळ्या पाण्यातून पाहिल्यासारख्या थरथरू लागल्या. तीन संध्याकाळी मी गिंबललाच, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेलाच, दोष देत बसलो आणि पुन्हा पुन्हा तिचे कॅलिब्रेशन, म्हणजे जुळवणी, करीत राहिलो. अखेर पाती काढून जोडीजोडीने एकमेकांवर ठेवली, तेव्हा एका पात्याचे टोक दुसऱ्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढे वर उचललेले आढळले. पाते बदलले, थरथर गेली.

आधी पात्याची ओळख करून घ्या

चार हातांच्या घडीच्या ड्रोनवर प्रत्येक मोटरला सहसा दोन पाती असतात आणि ती मधल्या चकतीवर बिजागरीसारखी फिरतात. डीजेआय कंपनीच्या मिनी मालिकेसारख्या २४९ ग्रॅमच्या आसपासच्या ड्रोनवर प्रत्येक पाते एका बारीक स्क्रूने बसवलेले असते, तर काही थोड्या मोठ्या ड्रोनवर दोन्ही पात्यांचा जोड एकत्रच दाबून फिरवला की बसतो किंवा निघतो. आपल्याकडचा प्रकार कोणता हे पहिल्याच दिवशी नीट पाहून ठेवावे, कारण साठवण दोन्हींची सारखी असली तरी बदलण्याची रीत वेगळी आहे.

समोरासमोरच्या कोपऱ्यांवरील दोन मोटरी एकाच दिशेने फिरतात आणि उरलेल्या दोन विरुद्ध दिशेने. त्यामुळे पात्यांचेही दोन प्रकार असतात, आणि एक प्रकार दुसऱ्याच्या जागी बसवला तर ड्रोन उडण्याऐवजी जमिनीवरच कलंडतो. हे ओळखण्यासाठी पात्यांवर आणि हातांवर खुणा दिलेल्या असतात: खूण असलेली पाती खूण असलेल्या हातावर, बिनखुणेची बिनखुणेच्या हातावर. खूण बारीक आणि फिकट असते. घरात वयस्कर माणसे ड्रोन हाताळत असतील तर भिंग जवळ ठेवणे उत्तम.

पात्याची जी कड हवा कापत पुढे जाते ती जाड व गोलसर असते, आणि मागची कड पातळ असते. साठवणीत जपायच्या जागा तीन: ही पुढची कड, टोक, आणि बिजागरीजवळचा बुंध्याचा भाग. पुढच्या कडेला खाच पडली की हवेचा प्रवाह तेथे विस्कटतो, टोक वाकले की जोडीतील दोन पात्यांचे उचलणे असमान होते, आणि बुंध्याशी तडा गेला तर पाते हवेत तुटू शकते. असमानतेचा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे मोटरचे फेरे दुप्पट झाले की हादरा चौपट होतो. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या मोटरवर नखाएवढा दोषही चित्रात दिसतो तो यामुळेच, आणि तोच हादरा मोटरची बेअरिंगे हळूहळू झिजवीत राहतो.

घडी घालण्यापूर्वी: वाळू, मीठ आणि लाल धूळ

ड्रोन उतरल्यावर लगेच घडी घालू नये. आधी तो बंद करावा, बॅटरी बाहेर काढावी, आणि मगच पात्यांना हात लावावा. बॅटरी आत असताना पाते पुसत बसणे हे बोटांसाठी बरे नाही. मोटरी गरम असतात. पाचेक मिनिटे सावलीत थांबावे.

किनाऱ्यावर उड्डाण केले असेल तर पात्यांवर खारा दमट थर बसलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण काळ्या कापडाने पुसल्यावर राखाडी पट्टा उमटतो. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे पुसले नाही तर हा थर घरी गेल्यावरही ओलसरच राहतो आणि बारीक स्क्रूंच्या डोक्यांवर गंज आणतो. यासाठी मऊ मायक्रोफायबर फडके नळाच्या गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळावे, प्रत्येक पाते बुंध्याकडून टोकाकडे दोन्ही बाजूंनी पुसावे आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. टोकाकडून बुंध्याकडे पुसले तर सगळी घाण बिजागरीत ढकलली जाते. पाण्याचा थेंब मोटरमध्ये जाता कामा नये, म्हणून पाणी थेट पात्यावर ओतू नये किंवा फवारू नये.

वाळूचा प्रश्न निराळा आहे. वाळूवरूनच उड्डाण केले तर पात्यांच्या वाऱ्याने कण उडतात आणि पुढच्या कडेवर आदळतात. किनाऱ्यावरील काळसर वाळूत लोहाचे कण असतील तर ते मोटरमधील चुंबकांना चिकटूनही बसतात. घडीची चटई किंवा निदान गाडीतला सपाट रबरी पायपुसणा अंथरून त्यावरून उडणे आणि त्यावरच उतरणे ही सर्वांत स्वस्त खबरदारी आहे. बिजागरीत शिरलेली वाळू काढण्यासाठी कोरडा, मऊ, रंगकामाचा ब्रश वापरावा आणि पाते हळूच मागेपुढे हलवीत कण झटकावेत. फुंकर मारू नये, कारण तोंडातील ओलावा आत जातो आणि कण आणखी खोल बसतात. हातात दाबायचा रबरी ब्लोअर असल्यास उत्तम. सांगे, डिचोली किंवा सत्तरीकडे उडवणाऱ्यांना जांभ्या मातीची आणि खाणपट्ट्यातील लाल धूळ भेटते. ती कोरडी असताना ब्रशने सहज निघते, पण ओले फडके आधी लावले तर तिचा चिखल होऊन बिजागरीत घट्ट बसतो. थोडक्यात, धूळ असेल तर आधी ब्रश मग फडके, आणि मीठ असेल तर थेट ओले फडके.

पुसण्यासाठी पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचा द्रव किंवा स्वयंपाकघरातील जहाल साबण कधीही वापरू नये. पात्यांच्या प्लास्टिकला अशा द्रावणांनी केसासारखे बारीक तडे जाऊ शकतात, आणि ते त्या दिवशी दिसत नाहीत. संध्याकाळी डासांसाठी अंगाला मलम लावून त्याच हातांनी पाती मिटणारे मी अनेक पाहिले आहेत. अशा काही मलमांमध्ये ‘डीट’ नावाचे रसायन असते आणि ते अनेक प्लास्टिकना खाते. हात पुसून मगच ड्रोनला लावावेत.

पुसता पुसताच तपासणी उरकावी. पुढच्या कडेवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवला की जिथे खाच असेल तिथे त्याचा तंतू अडकतो. डोळ्यांपेक्षा कापूस अधिक विश्वासू आहे. नंतर पाते ट्यूबलाइटसमोर आडवे धरून बुंध्याकडून टोकाकडे एका डोळ्याने पाहावे. बुंध्याशी पांढुरकी रेघ दिसली तर तिथे प्लास्टिक ताणले गेले आहे असे समजून ते पाते बाद करावे, मग ते कितीही नवे असो.

घडी घालण्याचा क्रम

हात उघडण्याचा आणि मिटण्याचा क्रम प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला असतो. काही ड्रोनमध्ये पुढचे हात आधी उघडतात, काहींमध्ये मागचे. मिटताना उलटा क्रम लागतो. तो पाळला नाही तर एक हात दुसऱ्याच्या पात्यावर येतो आणि आपण जोर लावून घडी बसवतो. घडी घालताना जोर लावावा लागला म्हणजे काहीतरी मध्ये आले आहे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी पाती वाचतील.

हात मिटण्यापूर्वी त्या मोटरची दोन्ही पाती एकमेकांना समांतर करून हाताच्या रेषेत आणावीत, आणि हात मिटल्यावर ती ड्रोनच्या अंगालगत लांबट पडतील असे पाहावे. मागच्या हातांची पाती अनेक ड्रोनमध्ये पोटाखाली जातात, आणि तिथेच अंतर मोजणारे सेन्सर व जवळच गिंबल असतो. पात्याचे टोक गिंबलच्या आवरणाखाली सरकले की आवरण बसवताना ते मुडपते. म्हणून गिंबलचे आवरण आधी बसवावे आणि मग पाती शेवटची जुळवावीत. चारही बाजूंनी बोट फिरवून कोणतेही टोक ड्रोनच्या रूपरेषेबाहेर आलेले नाही याची खात्री करावी. या सगळ्याला अर्धा मिनिट लागतो.

बांधणे: किती घट्ट?

मोकळी पाती पिशवीत हलतात, एकमेकांवर घासतात आणि चेनमध्ये अडकतात, म्हणून ती बांधणे आवश्यक आहे. कंपन्या यासाठी ड्रोनच्या अंगाभोवती गुंडाळायचा पट्टा किंवा पात्यांवर बसणारा साचा देतात. साचा असेल तर प्रश्न मिटतो, कारण तो पात्याच्या आकाराचाच असतो. पट्ट्याच्या बाबतीत मात्र नवशिक्याला तो जितका घट्ट तितका बरा असे वाटते, आणि येथेच नुकसानीला सुरुवात होते.

प्लास्टिकचा एक स्वभाव आहे. त्याला थोडा वेळ वाकवून सोडले तर ते पूर्ववत होते, पण तोच लहानसा ताण आठवडेच्या आठवडे ठेवला तर ते नव्या आकाराला सरावते आणि सोडल्यावर परत येत नाही. उष्णतेत हे फार लवकर होते. त्यासाठी प्लास्टिक मऊ पडलेले जाणवावे लागत नाही. म्हणून पट्टा बांधल्यावर पाते कुठेही कमानीसारखे झालेले दिसता कामा नये. माझी कसोटी अशी: पट्ट्याखाली वहीचे दुहेरी पान सहज सरकले पाहिजे, आणि ड्रोन हलकेच हलवल्यावर पात्यांचा खडखड आवाज येता कामा नये. या दोहोंच्या मधला ताण योग्य. पट्टा पात्याच्या मध्यावर न येता मोटरच्या जवळ, बुंध्याकडे येईल असा फिरवावा.

मूळ पट्टा हरवला तर रबरबँड लावू नये. आपल्या हवेत रबरबँड काही महिन्यांत चिकट होतो, पात्यावर डाग पाडतो आणि पुढच्या कडेवर नेमका एका रेषेत दाब देतो. केस बांधायचे कापडी इलास्टिक किंवा दोन बोटे रुंद वेल्क्रोची पट्टी, आतून मऊ कापड लावून, चालते. चिकटपट्टी तर अजिबात नको. तिचा गोंद पात्यावर राहतो, त्यावर धूळ बसते, आणि तो काढायला माणूस नेमके ते थिनर घेऊन येतो.

काहीजण पात्यांभोवतीचे संरक्षक कडे सतत लावून ठेवतात. ती कडी उडताना फांद्या आणि बोटे वाचवण्यासाठी असतात. साठवणीत ती जागा अडवतात आणि हातांच्या बिजागऱ्यांवर भार देतात. शिवाय त्यांच्या वजनाने २४९ ग्रॅमचा ड्रोन २५० ग्रॅमची मर्यादा ओलांडतो, आणि ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे तो नॅनो वर्गातून सूक्ष्म वर्गात जातो. काम झाल्यावर ती काढून ठेवावीत.

पिशवी, डिकी आणि गाडी

पिशवीत ड्रोनसाठी स्वतंत्र कप्पा असावा, आणि त्या कप्प्यात ड्रोनशिवाय काहीही नसावे. जादा बॅटऱ्या, चार्जर, किल्ल्या, पाण्याची बाटली यांपैकी प्रत्येक वस्तू पात्यापेक्षा कठीण आहे. मऊ पिशवी वापरत असाल तर ती नेहमी सर्वांत वर ठेवावी. कठीण पेटी उत्तम, मात्र आतला फोम ड्रोनच्या मापाचा हवा. मापापेक्षा लहान खाचेत ड्रोन दाबून बसवला तर झाकण लागते आणि पाती महिनाभर वाकलेली राहतात. स्वस्त फोमचा आणखी एक दोष गोव्यात कळतो: दमट हवेत दोन-तीन पावसाळे काढले की तो चिकट होऊ लागतो आणि त्याची भुकटी पडते. असा फोम दिसला की ड्रोन सुती कापडात गुंडाळून मगच ठेवावा, किंवा फोमच बदलावा.

आपल्याकडे बहुतेक प्रवास स्कूटरवरून होतो, आणि ड्रोन सीटखालच्या डिकीत ठेवण्याचा मोह होतो. पेट्रोलवरील स्कूटरची डिकी इंजिनच्या वर असते; चालताना ती तापते, उन्हात उभी असताना आणखी तापते, आणि खड्ड्यांचे सगळे हादरे थेट तिथे पोहोचतात. ड्रोन पाठीवरच्या पिशवीत, पाठीकडच्या कप्प्यात ठेवणे योग्य. फेरीबोटीतून जातानाही पिशवी स्कूटरच्या हुकाला लटकवण्याऐवजी अंगावरच ठेवावी, म्हणजे खारे तुषार आणि धक्के दोन्ही टळतात.

गाडीबद्दल वेगळे सांगायला हवे. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ३३-३४ अंश तापमान असले तरी उन्हात बंद उभ्या गाडीचा आतला भाग तासाभरात ५० अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि डॅशबोर्ड त्याहूनही तापतो. अनेक छोट्या ड्रोनच्या पुस्तिकेत उड्डाणासाठी ४० अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली असते, यावरून गाडीतल्या दुपारची कल्पना यावी. जेवायला थांबताना ड्रोन सोबत घ्यावा. ते शक्यच नसेल तर पट्टा सैल करून, पेटी सीटखाली जमिनीलगत ठेवावी आणि वर पांढरे कापड टाकावे. मात्र बॅटऱ्या कोणत्याही परिस्थितीत तापत्या गाडीत ठेवू नयेत.

विमानाने जाताना पाती काढण्याची गरज नसते, घडी घालून कठीण पेटीत ठेवले की पुरते. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातील सामानातच न्याव्या लागतात. त्या त्याच पेटीतून काढल्या जातील आणि रिकाम्या जागेत ड्रोन हलू लागेल, याचा विचार आधी करून तिथे मोज्यांची एक जोडी भरावी.

पावसाळ्याची साठवण

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या काळात ड्रोन चार महिने कपाटात राहतो. कातडी चपलांना बुरशी येते तशी ती प्लास्टिकवरील घामाच्या डागांवर आणि कापडी पट्ट्यांवरही येते. म्हणून मे महिन्याच्या शेवटी एकदा नीट वेळ काढावा.

सर्वप्रथम पाती वर सांगितल्याप्रमाणे पुसून, पंख्याखाली तासभर उघडी ठेवून पूर्ण वाळवावीत. नंतर ड्रोनची घडी घालावी, पण लांबच्या साठवणीसाठी पट्टा शक्यतो बांधूच नये. सुती कापडात सैलसर गुंडाळून ड्रोन झाकण घट्ट लागणाऱ्या, प्रशस्त डब्यात सपाट ठेवावा. डब्यावर काहीही रचू नये. डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकाव्यात, पण त्या पात्यांना टेकू देऊ नयेत. रंग बदलणारे सिलिका जेल असेल तर निळ्याचे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले असे समजावे. तांदूळ भरलेल्या डब्यात ड्रोन ठेवण्याचा सल्ला दिला जातो, तो ऐकू नये. तांदळाची पिठी बिजागरीत जाते, आणि मुंग्याही पाठोपाठ येतात.

आमच्या घरी पावसाळा आला की आई प्रत्येक कपाटात डांबरगोळ्या ठेवते. कपड्यांसाठी ते ठीक आहे, पण डांबरगोळ्यांच्या वाफेने काही प्रकारची प्लास्टिके मऊ पडतात किंवा चिकटतात, त्यामुळे ड्रोनचा डबा त्या कपाटातून मी बाहेर काढला. माळ्यावरही ठेवू नये. कौलांखालचा किंवा पत्र्याखालचा माळा पाऊस उघडताच तापतो. खोलीतील आतल्या भिंतीलगतचे, जमिनीपासून उंच असे कपाट चांगले. बाहेरच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते.

महिन्यातून एकदा, ऊन पडलेला दिवस पाहून, डबा उघडावा. स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस ठिपका आला आहे का ते पाहावे, पाती दोन-चारदा उघडून मिटावीत आणि ती पूर्वीइतकीच सहज फिरतात याची खात्री करावी. बिजागरी अडखळते म्हणून तेल घालू नये. तेल धूळ धरून ठेवते आणि काही तेले प्लास्टिकला मानवत नाहीत. ब्रशने साफ करूनही अडखळत असेल तर पाती आणि स्क्रू बदलावेत.

जादा पाती आणि ती बदलणे

जादा पाती ही ड्रोनच्या पिशवीतील सर्वांत दुर्लक्षित वस्तू. ती कुठल्या तरी खिशात वाकलेली पडतात, आणि गरज पडते तेव्हा जुन्यापेक्षा वाईट निघतात. ती मूळ पाकिटातच, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये सपाट ठेवावीत आणि पाकिटावर खूण असलेली की बिनखुणेची हे पेनाने ठळक लिहावे. स्क्रू एका छोट्या झिप पिशवीत, त्याच पाकिटाला जोडून ठेवावेत.

एक पाते खराब झाले तरी त्या मोटरची दोन्ही पाती बदलावीत, आणि नवी दोन्ही एकाच पाकिटातील घ्यावीत. जोडीतील पाती वजनाने जुळलेली असतात. एक जुने आणि एक नवे अशी जोडी लावली तर ज्या हादऱ्यासाठी पाते बदलले तोच परत येतो. काम टेबलावर, पांढऱ्या कापडावर करावे, म्हणजे उडालेला स्क्रू सापडतो. जुने स्क्रू पुन्हा वापरू नयेत. नव्या स्क्रूच्या आट्यांवर सहसा पकड धरणारा कोरडा थर लावलेला असतो आणि तो एकदाच कामी येतो. बाजारातील आट्या घट्ट करणारा द्रव त्याऐवजी लावण्याचा प्रयोग टाळावा, कारण तो पात्यावर ओघळला तर प्लास्टिकला तडे जातात. सोबत मिळालेलाच स्क्रू ड्रायव्हर वापरावा. जवळपासच्या मापाचा वापरला की स्क्रूचे डोके गुळगुळीत होते, आणि मग तो काढणे हा वेगळाच उद्योग होऊन बसतो.

स्क्रू घट्ट बसला पाहिजे, परंतु पाते बोटाने हलवल्यावर मोकळेपणाने फिरले पाहिजे. ते अडत असेल तर उडताना पाते स्वतःहून सरळ रेषेत येऊ शकत नाही. खुणा पुन्हा एकदा जुळवून पाहाव्यात आणि मग मोकळ्या जागी, माणसांपासून दूर, एक-दीड मीटर उंचीवर मिनिटभर ड्रोन स्थिर ठेवून आवाज ऐकावा. चांगल्या जोडीचा आवाज एकसुरी असतो. मध्येच गुरगुर किंवा शिट्टी आली तर उतरवून पाती पुन्हा पाहावीत. ही चाचणी घेण्यापूर्वी, ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणाऱ्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशावर आपली जागा पाहून घ्यावी, कारण गोव्यात दाभोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, त्यातील दाभोळी नौदलाच्या तळावर आहे, आणि उत्तरेला व दक्षिणेला बऱ्याच गावांवर निर्बंधांची वर्तुळे पडतात.

काढलेली पाती परत त्याच पाकिटात जाणार नाहीत याची काळजी घ्या. ‘अडीनडीला असू दे’ म्हणून ठेवलेले वाकडे पाते सहा महिन्यांनी नव्यासारखेच दिसते, आणि घाईत तेच हाताला लागते. मी बाद झालेले प्रत्येक पाते बागेच्या कात्रीने मधोमध कापतो आणि मगच कचऱ्यात टाकतो.